घराची आगोट आणि उधारीची वही

मे महिना सरत आला की आमच्या कोन गावात पूर्वी घरोघर एकच लगबग असे, ती आगोटीची. मृगाचा पाऊस लागण्याआधी चार महिन्यांची बेगमी घरात आलीच पाहिजे, असा दंडक होता. कणगीत भात, माळ्यावर लाकूडफाटा आणि गोवऱ्या, डब्यांत सुके बोंबील, जवळा, आमसुले, चिंचेचे गोळे, कुटलेला मसाला, मोठे मीठ आणि एक डबा रॉकेलचा. आमची दादी निरक्षर होती. पण कोणत्या डब्यात काय आहे आणि ते किती दिवस पुरेल, हे ती अंधारातही सांगू शके. खाडीचे पाणी चढले, कल्याणचा रस्ता बंद झाला, तरी आठ-पंधरा दिवस चुलीला काही कमी पडत नसे.

आता ती आगोट सुटली. दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण, इकडे भिवंडी, किराणा दुकान दारात आणि मोबाईलवरून सामान घरपोच. सोय झाली, ती अल्लाहची कृपाच म्हणावी. परंतु सोयीबरोबर एक सवय गेली. संकट येण्याआधी त्याचा हिशेब मांडण्याची ही सवय होती. आम्ही व्यापारी माणसे. गोदामात ग्रे कापडाचे किती तागे पडले आहेत, सायझिंगमधून किती बीम यायचे आहेत, सुताचा भाव काल काय होता आणि आज काय आहे, हे आम्ही झोपेतून उठून सांगू. पण उद्या सकाळी घराबाहेर पडता आले नाही किंवा आम्ही स्वतःच उरलो नाही, तर घरच्यांचे पंधरा दिवस कसे जातील, याचे उत्तर आमच्यापैकी किती जणांकडे आहे?

हा प्रश्न भिवंडी आणि आसपासच्या माणसाला तरी विचारावा लागू नये. मे १९७० च्या दंगलीची हकीकत आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत वाढलो. मे १९८४ मध्ये आम्ही उर्दू शाळेत जाणारे पोर होतो. संचारबंदीत दूध आणि पीठ यांची काय किंमत होते, ते त्या वेळी कळले. २६ जुलै २००५ चा पाऊस आला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. २४ मार्च २०२० च्या रात्री बारापासून देश बंद झाला आणि लाखो साचे थांबले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतली तीसहून अधिक माणसे गेली. म्हणजे संकट नवे रूप घेऊन येते, पण येते खास. असे असूनही दर वेळी आम्ही म्हणतो, "असे होईल असे वाटले नव्हते."

तवक्कुल आणि तयारी

आमच्यातील काही बंधू म्हणतात, जे नशिबात आहे ते होणारच, मग साठवणूक आणि तयारी कशाला? हा तवक्कुलचा अर्थ नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका माणसाने उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे विचारले, तेव्हा आधी बांध आणि मग भरवसा ठेव, अशा अर्थाची शिकवण त्यांनी दिली. आपल्या घरच्यांसाठी ते वर्षाच्या अन्नाची तजवीज बाजूला काढत, अशी हदीस आहे. पवित्र कुरआनात हजरत यूसुफ (अ.) यांची हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. सात वर्षे पीक येईल, त्यातले खाण्यापुरते काढून बाकीचे कणसातच राहू द्या, कारण पुढची सात वर्षे कठीण आहेत, असा मार्ग त्यांनी मिसरच्या लोकांना दाखवला. अल्लाहच्या नबीनेच दुष्काळाची तयारी करून दाखवली असेल, तर आम्ही कोण तिला कमी लेखणारे?

मात्र एक फरक व्यापाऱ्याने विसरू नये. घरासाठी ठेवणे वेगळे आणि भाव चढावा म्हणून दाबून ठेवणे वेगळे. दुसऱ्याला इहतिकार म्हणतात आणि तो गुनाह आहे. मार्च २०२० च्या त्या आठवड्यात तेल, डाळ, कांदे-बटाटे यांचे भाव ज्यांनी संधी साधून चढवले, त्यांत आमचेही लोक होते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

पाण्याचा हिशेब

उल्हास नदी कल्याणजवळ येते तेव्हा ती खाडी झालेली असते. वरून पावसाचे पाणी आणि खालून समुद्राची भरती, दोन्ही एकाच वेळी आले की पाण्याला जायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी भरतीही मोठी होती. मग पाणी घरांत शिरले यात नवल ते काय?

उधाणाची भरती अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे येते, हे खाडीकाठच्या जुन्या माणसांना पाठ होते. आपण तर चांद पाहून महिना धरणारे लोक. हिजरी महिन्याच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि चौदा ते सतरा या तारखा पावसाळ्यात लक्षात ठेवाव्यात. त्या दिवसांत मोठा पाऊस लागला, तर तळमजल्यावरचा माल आधी वर घ्यावा, पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबू नये. विजेचे मीटर आणि मुख्य स्विच उंचावर बसवून घ्यावेत, आणि पाणी आत येण्याची चिन्हे दिसताच स्विच बंद करावा. कापड भिजले तर वाळवून पडत्या भावात तरी जाते. विजेचा धक्का लागून माणूस गेला, तर त्याची भरपाई कशाने करणार?

शिधा किती ठेवावा, याचाही साधा हिशेब आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे चारशे ग्रॅम धान्य लागते. सहा जणांच्या घराला पंधरा दिवसांचे ३६ किलो होते. त्यासोबत डाळ, तेल, मीठ, गूळ, सुके मासे आणि एक भरलेला जादा सिलिंडर. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरले, तर तीन दिवसांचे ७२ लिटर, म्हणजे झाकणाचे दोन मोठे पिंप. साखरेची आणि रक्तदाबाची औषधे महिनाभराची. एक टॉर्च. १०८ हा रुग्णवाहिकेचा, ११२ हा तातडीच्या मदतीचा आणि १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, कारण घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलेही आठवत नाही. हे धान्य डब्यात किडायला ठेवायचे नाही. जुने आधी वापरावे, नवे मागे भरावे. दुकानात माल फिरवतो तसाच घरातही फिरवावा.

रोकड

नोव्हेंबर २०१६ ने आम्हाला शिकवले की घरातली सगळी रोकड एका रात्रीत कागद होऊ शकते. यंत्रमागाचा पगार हातात रोख जातो. बँकेतून रक्कम काढण्यावर मर्यादा आली तेव्हा मालकाकडे पैसा असूनही कामगाराला देता येईना. सप्टेंबर २०१९ ने उलटा धडा दिला. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. लेकीच्या लग्नाचा पैसा, दुकानाचे भांडवल, सर्व अडकले. म्हणजे सगळे घरात ठेवणे धोक्याचे आणि सगळे एकाच बँकेत ठेवणेही धोक्याचे.

तेव्हा महिनाभराच्या घरखर्चाइतकी रोकड घरात, लहान नोटांत ठेवावी. बाकीची दोन वेगवेगळ्या बँकांत असावी, आणि त्यांतले एक खाते पत्नीबरोबर संयुक्त असावे. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विमा संरक्षण आहे, पूर्वी ते एक लाख होते. कोणती बँक चालू खात्याला बरी, हे ठरवताना ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवावी.

खरी आगोट वहीची

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वरच्या सर्व गोष्टी कमीअधिक प्रमाणात लोक करतात. जी गोष्ट कोणीच करत नाही आणि जिच्यामुळे आमची घरे खरोखर कोसळतात, ती म्हणजे वही.

आमचीच गोष्ट आधी सांगतो. २००५ च्या त्या रात्री कोनच्या गोदामातले तागे आम्ही आणि कामगारांनी मिळून गुडघाभर पाण्यातून माळ्यावर चढवले. अल्लाहच्या कृपेने बराच माल वाचला. पहाटे घरी आलो तर पलंगाखालची लोखंडी पेटी पाण्यात होती, आणि उधारीच्या वह्या तिच्यात होत्या. शाई धुऊन गेली होती. पानेच्या पाने निळी झाली होती आणि आकडा एकही वाचता येत नव्हता. पुढच्या महिन्यांत काही व्यापारी स्वतःहून आले आणि आपल्याकडचा आकडा सांगून पैसे चुकते करून गेले. अल्लाह त्यांना बरकत देवो. काही जण म्हणाले, "वही दाखवा." आमच्याकडे दाखवायला काही नव्हते. कापड वाचवण्यात रात्र घालवली आणि कापडाची किंमत पलंगाखाली बुडाली, हे त्या दिवशी समजले.

तरीही आम्ही जिवंत होतो, तोंडी तरी भांडू शकत होतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या ओळखीतील ग्रे कापडाचा एक व्यापारी आठ दिवसांत गेला. माणूस प्रामाणिक, नमाजी, बाजारात शब्दाला किंमत असलेला. सर्व व्यवहार डोक्यात, काही चिठ्ठ्यांवर आणि बाकी मोबाईलमध्ये. मोबाईलचा नंबर कोणाला ठाऊक नाही. पत्नीला एवढेच माहीत की धंदा बरा चालतो.

आपल्याकडे जनाज्याच्या वेळी वारस पुकारा करतात की मय्यताने कोणाचे काही द्यायचे असेल तर आम्हाला भेटा. चांगली पद्धत आहे. प्रेषित (स.) जनाज्याची नमाज पढवण्याआधी मय्यताच्या डोक्यावर कर्ज आहे का, ते विचारत. परंतु मय्यताला ज्यांनी द्यायचे आहे त्यांचा पुकारा कोण करणार? त्या दिवसांत तर जनाज्याला मोजकीच माणसे होती. ज्यांचे येणे होते ते आठवडाभरात दारात आले. ज्यांच्याकडून येणे होते, त्यांच्यापैकी फार थोडे फिरकले. बीवी चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत, मुलगा बारावीत. सुताच्या व्यापाऱ्याला देण्यासाठी दागिने गेले. बाजारात त्या घराचे किती पैसे फिरत आहेत, ते आजही कोणी सांगू शकत नाही. त्या घरात तांदळाची कमी नव्हती. कमी होती ती चार पानी हिशेबाची.

वास्तविक आपल्या दीनमध्ये याबाबत जेवढी ताकीद आहे तेवढी क्वचितच कशाबाबत असेल. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत सूरह बकरहमध्ये आहे, २८२ वी. ती नमाज किंवा रोजाविषयी नाही, उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून घ्या, साक्षीदार करा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशी हदीस आहे. आम्ही ही आयत तरावीहमध्ये दर रमजानला ऐकतो आणि ईदनंतर दुकान उघडून पुन्हा तोंडी व्यवहार करतो.

देशाचा कायदाही हेच सांगतो. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी देणाऱ्याने "एवढे बाकी आहे" असे सहीनिशी लिहून दिले, तर तेथून नवी मुदत सुरू होते. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक गिऱ्हाईकाकडून बाकीच्या आकड्यावर सही घ्यावी. संबंध बिघडतील अशी भीती बाळगू नये. ज्याच्या मनात द्यायचे आहे तो सहीला घाबरत नाही.

वहीत काय असावे? कोणाकडून किती येणे, कोणत्या तारखेचे. कोणाला किती देणे. कोणाची अमानत आपल्याकडे आहे आणि कोठे ठेवली आहे. बँक खाती, ठेवी, विमा. दुकानाचा गाळा मालकीचा की पागडीचा आणि त्याचे कागद कोठे. कामगारांनी घेतलेली उचल आणि त्यांचा राहिलेला पगार. जीएसटीचे काम पाहणाऱ्याचा पत्ता. पत्नीचा महर बाकी असेल तर तोही, कारण तेही कर्जच आहे आणि वाटणीच्या आधी ते फेडावे लागते. मोबाईलचा नंबर. वहीची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, पलंगाखाली नव्हे तर उंचावर ठेवावी. दुसरी प्रत कोनमध्ये पाणी शिरले तरी जेथे शिरणार नाही, अशा नातेवाईकाच्या घरी ठेवावी. जमिनीचे, घराचे, शिक्षणाचे कागद यांचीही अशीच सोय करावी.

बँकेच्या खात्याला नामनिर्देशन केलेले आहे का, तेही पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण लक्षात ठेवावे, ज्याचे नाव दिले तो पैसे स्वीकारणारा असतो, मालक वारसच असतात आणि शरीअतप्रमाणे ज्याचा जो हिस्सा तो त्याला द्यावाच लागतो. यावरून भावाभावांत किती कज्जे चालू आहेत, हे आम्ही सांगायला नको.

घरच्या बायकांना सांगणे

येथे काही बंधू भुवया उंचावतील. धंद्याच्या गोष्टी बायकांना काय सांगायच्या? त्यांना काळजी लागेल, गोष्ट चार घरांत जाईल. आम्ही त्यांना विचारतो, उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.) कोण होत्या? त्यांचा माल घेऊन काफिले जात, आणि प्रेषित (स.) यांनी त्यांच्या मालाचा व्यापार पाहिला. मग आमच्या घरच्या बीवीला आपल्याच घराचे येणे-देणे समजले, तर कोणती हया कमी होते?

दुसरी गोष्ट. ज्या दादीला कणगीतले भात आणि डब्यातला जवळा यांचा बिनचूक हिशेब होता, तिच्या नातसुना आज शिकलेल्या आहेत. त्यांना हिशेब जमत नाही, असे म्हणणे खोटे आहे. आम्ही सांगत नाही, हे खरे कारण आहे. कधी कर्ज लपवायचे असते, कधी कमाई. संकट आले की दोन्ही उघडे पडते, पण तेव्हा समजावून सांगायला आम्ही नसतो. आपल्या सर्व मालाची वसीयत करू पाहणाऱ्या हजरत सअद (रजि.) यांना एक तृतीयांशावर थांबवताना, वारसांना लोकांसमोर हात पसरावा लागू नये, असे कारण प्रेषित (स.) यांनी दिले. माल मागे राहूनही तो कोठे आहे ते न सांगितल्यामुळे वारस हात पसरू लागले, तर त्याचा जबाब कोण देणार?

ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे काय?

आमचे कारागीर वाचक म्हणतील, सेठ, ही सारी भरल्या घरची बोलणी झाली. रोज कमावणाऱ्याने पंधरा दिवसांचा शिधा कोठून आणावा? तक्रार रास्त आहे. मार्च २०२० मध्ये साचे थांबले आणि पाठोपाठ भिशी बंद पडल्या. ज्या भिशीत कामगार दोन वेळ जेवत होता तिथली चूल विझली, तेव्हा तो काय खाणार? माणसे नाशिक महामार्गाने पायी निघाली. मे महिन्यात भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली, तोवर अनेकांची जमापुंजी संपली होती. त्यांतल्या कित्येकांचा पगार मालकांकडे बाकी होता आणि त्याची चिठ्ठीही त्यांच्याजवळ नव्हती.

म्हणून मालक मंडळींना सांगणे आहे. दोन आठवड्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला ठेवा आणि ती धंद्यात फिरवू नका. कामगाराला हिशेबाची चिठ्ठी द्या, त्यावर तुमची सही असू द्या. कारागीर बंधूंना सांगणे आहे, दर आठवड्याला थोडे का होईना, एक किलो तांदूळ का होईना, बाजूला ठेवा. आणि आपली उचल व आपला पगार स्वतःच्या वहीत लिहा. मालक भला असेल तरी लिहा.

याच्या पलीकडचे काम मोहल्ल्याचे आहे. भिवंडीने ते करून दाखवले आहे. १९८८ च्या सुमारास येथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली दोन्ही समाजांच्या माणसांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना, दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. तयारी आधी झाली होती म्हणूनच ते घडले. २०२० मध्ये शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी प्राणवायूची सोय झाली, त्यात कोणाचा धर्म विचारला गेला नाही. प्रत्येक मशिदीच्या बैतुलमालने पावसाळ्याआधी आपल्या गल्लीतील एकट्या म्हाताऱ्या, विधवा, आजारी आणि परगावचे कामगार यांची यादी केली, तर पाणी चढताना कोणाच्या दारावर आधी थाप मारायची, हे शोधावे लागणार नाही.

शेवटी एकच सांगणे. ही चर्चा वाचून पेपर बाजूला ठेवू नका. येत्या जुम्याला दुकान बंद असेल, नमाजनंतर जेवण झाले की एक कोरी वही घ्या. घरच्यांना समोर बसवा आणि येणे, देणे, अमानत अशी तीन पाने भरा. पहिल्या दिवशी सगळे आठवणार नाही, पण सुरुवात होईल. पाऊस अल्लाहच्या हुकमाने येतो आणि मौतही. आमच्या हातात एवढेच आहे की दोन्ही आले तेव्हा घरच्यांना अंधारातसुद्धा सांगता यावे, कोणत्या डब्यात काय आहे. अल्लाह आपणा सर्वांची घरे आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.